परदेशी ग्रंथ विकत घ्यायचा की मागवून घ्यायचा? बंगळुरूच्या कोरमंगलातल्या संशोधकासाठी खर्चाचा हिशेब

पीएच.डी.ची नोंदणी झाली, विषय मंजूर झाला आणि मार्गदर्शकांनी वाचायच्या पुस्तकांची यादी हातात ठेवली की पहिला धक्का बसतो तो किमतींचा. यादीतले अर्धे ग्रंथ परदेशी प्रकाशकांचे, पुठ्ठा बांधणीतले, शंभर-सव्वाशे डॉलरच्या घरातले. वेबसाइटवरची किंमतही पुरती खरी नसते, कारण पुस्तक दारात येईपर्यंत तिच्यावर बरंच काही चढतं.

एक हिशेब मांडून पाहू. ग्रंथ १२० डॉलरचा आहे आणि डॉलर ९० रुपयांचा धरला, तर मूळ किंमत झाली १०,८०० रुपये. परदेशातून पाठवणी २५ डॉलर, म्हणजे २,२५० रुपये. २०१९च्या अर्थसंकल्पात आयात पुस्तकांवर ५ टक्के सीमाशुल्क बसलं, ते किंमत आणि वाहतूक मिळून होणाऱ्या रकमेवर साधारण ६५० रुपये होतं. छापील पुस्तकाला जीएसटी नाही, एवढाच दिलासा. एकूण आकडा १३,७०० रुपयांच्या आसपास जातो.

आता दुसरी बाजू बघा. यूजीसीच्या कनिष्ठ संशोधन पाठ्यवृत्तीत पहिली दोन वर्षं मानव्यविद्या आणि सामाजिक शास्त्रांच्या विद्यार्थ्याला आकस्मिक खर्चासाठी वर्षाला १०,००० रुपये मिळतात, विज्ञानाच्या विद्यार्थ्याला १२,०००. म्हणजे एका ग्रंथात वर्षभराचा निधी संपला आणि वर खिशातून घालावे लागले. हाच ग्रंथ दुसऱ्या ग्रंथालयाकडून आंतर-ग्रंथालयीन देवघेवीत मागवला, तर साधारण आठशे रुपयांच्या आत काम होतं. शहरातच मिळाला तर बसभाड्यात. अडचण अशी की ही सोय कुठल्याच फलकावर लिहिलेली नसते. ती मागावी लागते, आणि योग्य माणसाकडे, योग्य तपशिलासह मागावी लागते. ती कशी मागायची आणि प्रत्येक पायरीला किती पैसे लागतात, ते पुढे दिलं आहे.

कोरमंगलातला जुना दाखला

या बाबतीत कोरमंगलाकडे दाखवण्यासारखं काही आहे. इथल्या दुसऱ्या ब्लॉकात भारतीय खगोलभौतिकी संस्था आहे. इंडियन इन्स्टिट्यूट ऑफ अ‍ॅस्ट्रोफिजिक्स किंवा नुसतं ‘आयआयए’ म्हटलं की रिक्षावालाही ओळखतो. तिची परंपरा मद्रास वेधशाळा आणि १८९९ साली सुरू झालेल्या कोडाईकनाल वेधशाळेपर्यंत मागे जाते. १९७१ साली ती स्वायत्त झाली आणि १९७५ साली बंगळुरूला आली. मराठी वाचकाला जवळचा वाटेल असा एक धागाही यात आहे. पुण्याच्या विज्ञान महाविद्यालयात, म्हणजे आजच्या सीओईपीत, कावसजी दादाभाई नायगमवाला यांनी १८८८ मध्ये महाराजा तख्तसिंहजी वेधशाळा उभी केली होती. १९१२ मध्ये ती बंद झाली आणि तिची वीस इंची ग्रब दुर्बीण कोडाईकनालला गेली. यंत्र एकदा गेलं ते गेलंच. पुस्तकाचं मात्र तसं नाही, ते जाऊन परत येऊ शकतं.

याच विचारावर १९८१ साली देशातल्या खगोलशास्त्राच्या ग्रंथालयांनी एक गट केला. इंग्रजी नावाच्या आद्याक्षरांवरून त्याला ‘फोर्सा’ म्हणतात. कोरमंगलाची आयआयए, सदाशिवनगरची रामन संशोधन संस्था, मुंबईची टीआयएफआर, पुण्यातली आयुका आणि राष्ट्रीय रेडिओ खगोलभौतिकी केंद्र, अहमदाबादची भौतिकी संशोधन प्रयोगशाळा, नैनितालची एरीज अशा संस्था त्यात आहेत. परदेशी पुस्तकांच्या आणि नियतकालिकांच्या किमती वाढत होत्या, अनुदान त्या वेगाने वाढत नव्हतं. तेव्हा कोणाकडे काय आहे याच्या याद्या एकमेकांना द्यायच्या, एकाकडे नसेल ते दुसऱ्याने पाठवायचं, आणि पुढे ई-नियतकालिकं घेताना प्रकाशकाशी एकत्र बोलणी करायची, अशी ही पद्धत वाढत गेली.

यात सामान्य संशोधकाने घेण्याजोगा मुद्दा एकच आहे. खगोलशास्त्राचा विद्यार्थी आपल्या ग्रंथपालाकडे पुस्तक मागतो तेव्हा त्याच्यामागे देशातल्या दहा-एक ग्रंथालयांची कपाटं उभी असतात. तुमच्या विषयाला असा गट आहे का, हे ग्रंथपालाला विचारणं ही पहिली पायरी. वैद्यकाला कर्नाटकात राजीव गांधी आरोग्यविज्ञान विद्यापीठाचं ‘हेलिनेट’ आहे. ते २००३ पासून चालू आहे आणि प्रामुख्याने ई-नियतकालिकांसाठी आहे. कोरमंगलातलं सेंट जॉन्स वैद्यकीय महाविद्यालय याच विद्यापीठाशी संलग्न आहे. ज्या विषयाला स्वतःचा गट नाही, त्यांना ‘डेलनेट’सारखी सर्वसाधारण जाळी आहेत. त्यांच्याविषयी पुढे येईलच.

‘वन नेशन वन सबस्क्रिप्शन’ आल्यावर हे कशाला?

हा प्रश्न हल्ली हटकून येतो. केंद्रीय मंत्रिमंडळाने २५ नोव्हेंबर २०२४ रोजी ही योजना मंजूर केली. २०२५ ते २०२७ या तीन वर्षांसाठी ६,००० कोटी रुपये, ३० प्रकाशक, जवळपास १३,००० ई-नियतकालिकं आणि ६,३००हून अधिक सरकारी उच्च शिक्षण व संशोधन संस्था असा तिचा पसारा आहे. योजना मोठी आहे आणि उपयोगाचीही आहे.

पण दोन गोष्टी लक्षात ठेवा. एक, ही योजना नियतकालिकांची आहे. तुमच्या यादीतला सव्वाशे डॉलरचा ग्रंथ तिच्यात बसत नाही. दोन, ती सरकारी संस्थांसाठी आहे. खाजगी महाविद्यालयात शिकवत शिकवत पीएच.डी. करणाऱ्या प्राध्यापकाला तिचा थेट लाभ नाही. इतिहास, तत्त्वज्ञान, समाजशास्त्र, भाषाविज्ञान या विषयांत तर मुख्य मजकूर ग्रंथांतच असतो. तेव्हा लेखांचा प्रश्न बराचसा सुटला, पुस्तकांचा होता तिथेच आहे, आणि पुस्तकांसाठी जुनी देवघेवच कामाला येते.

स्वस्तापासून महागाकडे: सहा पायऱ्या

क्रम मोडू नका. बहुतेक जण थेट सहाव्या पायरीवर उडी मारतात आणि पैसे घालवतात.

१. फुकट आणि कायदेशीर (खर्च: शून्य)

पुस्तक मुक्त उपलब्ध आहे का, ते आधी बघा. ‘डोअ‍ॅब’ ही मुक्त पुस्तकांची सूची आणि ‘ओआपेन’ हा संग्रह, दोन्हींत विद्यापीठीय प्रकाशनांचे ग्रंथ पूर्ण स्वरूपात उतरवून घेता येतात. युरोपात सरकारी निधीतून झालेल्या संशोधनाचे ग्रंथ इथे हमखास शोधावेत. खगोलशास्त्र आणि भौतिकशास्त्रवाल्यांनी ‘अर्काइव्ह’ आणि नासाची एडीएस ही सूची पाहावी. परिषदांच्या ग्रंथांतले अनेक लेख तिथे स्वतंत्रपणे सापडतात. जुन्या, स्वामित्वहक्क संपलेल्या ग्रंथांसाठी ‘इंटरनेट आर्काइव्ह’ आहे. तिथून नवी पुस्तकं उसनी घेण्याची जी सोय होती, तिला मात्र अमेरिकेतल्या न्यायालयीन निकालाने कात्री लागली. पाच लाखांहून अधिक पुस्तकं उसनी देणं बंद झालं आणि सप्टेंबर २०२४ मध्ये अपिलातही प्रकाशकांच्या बाजूने निकाल लागला. त्यामुळे ‘तिथे मिळेलच’ असं धरून चालू नका.

आणखी एक वाट म्हणजे थेट लेखकाला ई-मेल. संपूर्ण पुस्तक क्वचित मिळतं, पण त्याने लिहिलेलं एखादं प्रकरण मिळण्याची शक्यता चांगली असते. चार ओळींचं पत्र पुरतं: मी कोण, विषय काय, कोणतं प्रकरण हवं, कशासाठी.

२. आपल्याच ग्रंथालयाची ई-पुस्तकं (खर्च: विद्यार्थ्याला शून्य)

अनुदानित महाविद्यालयांसाठी इन्फ्लिबनेट या यूजीसीच्या ग्रंथालय-जाळ्याच्या केंद्राची ‘एन-लिस्ट’ योजना आहे. महाविद्यालय वर्षाला ५,००० रुपये अधिक जीएसटी, म्हणजे ५,९०० रुपये भरतं आणि त्यात नियतकालिकांबरोबर सुमारे दोन लाख ई-पुस्तकं येतात. लॉगिन प्रत्येकाचं स्वतंत्र असतं, घरूनही चालतं. महाविद्यालयाने पैसे भरलेत आणि प्राध्यापकांनी कधी लॉगिनच घेतलेलं नाही, असं चित्र सर्रास दिसतं. ग्रंथपालाकडे जाऊन पहिल्यांदा ते मागा.

३. पुस्तक कुठे आहे ते शोधणं (खर्च: शून्य, वेळ: अर्धा तास)

संयुक्त तालिका म्हणजे अनेक ग्रंथालयांच्या संग्रहाची एकत्र यादी. भारतीय विद्यापीठांसाठी इन्फ्लिबनेटची ‘इंडकॅट’ आहे, ती कोणालाही शोधता येते. जगभरच्या ग्रंथालयांसाठी ‘वर्ल्डकॅट’. ‘डेलनेट’च्या तालिकेत तीन कोटींहून अधिक नोंदी आहेत, ती सभासद संस्थेच्या लॉगिनने उघडते.

शोधताना एक खाचखळगा नक्की आडवा येतो. परिषदांची कार्यवृत्तं आणि ग्रंथमाला काही ग्रंथालयं पुस्तक म्हणून नोंदवतात, काही नियतकालिक म्हणून. आंतरराष्ट्रीय खगोलशास्त्र संघाच्या परिसंवादाचा एखादा खंड तुम्ही संपादकाच्या नावाने शोधलात तर ‘नाही’ असं उत्तर येईल. तोच खंड मालेच्या नावाखाली, नुसत्या क्रमांकाने, कपाटात उभा असेल. म्हणून तीन वेळा शोधा: ग्रंथाच्या नावाने, संपादकाच्या नावाने आणि मालेच्या नाव-क्रमांकाने. तिन्ही वेळा नाही आलं, तरच नाही समजा.

४. शहरातल्या ग्रंथालयात जाऊन वाचणं (खर्च: १०० ते ३०० रुपये)

बंगळुरूत राहणाऱ्याचं नशीब या बाबतीत चांगलं आहे. भारतीय विज्ञान संस्थेचं जे. आर. डी. टाटा स्मारक ग्रंथालय, रामन संशोधन संस्था, नागरभावीतली सामाजिक व आर्थिक परिवर्तन संस्था आणि राष्ट्रीय विधी विद्यापीठ, बन्नेरघट्टा रस्त्यावरचं आयआयएम आणि कोरमंगलातली आयआयए, असे तऱ्हेतऱ्हेच्या विषयांचे संग्रह एका शहरात आहेत. बीएमटीसीच्या साध्या बसचा दिवसाचा पास ८० रुपयांना मिळतो. त्यात सगळी फेरी होते. झेरॉक्सचे आणि दुपारच्या जेवणाचे वेगळे धरा.

मात्र यांतलं कोणतंही ग्रंथालय वाचनालयासारखं दार ढकलून आत जाण्याचं नाही. आधी ई-मेल करा आणि परवानगी आली की निघा. सोबत आपल्या संस्थेच्या ग्रंथपालाचं किंवा मार्गदर्शकाचं पत्र, संस्थेचं ओळखपत्र आणि आधार ठेवा. पत्रात ‘ग्रंथालय वापरू द्यावे’ एवढंच लिहू नका. कोणते ग्रंथ पाहायचे आहेत त्यांची नावं आणि बोधांक (कॉल नंबर) लिहा. यादी आधी गेली तर तिथले कर्मचारी पुस्तकं काढून ठेवतात आणि तुमचा दिवस वाचतो. काही ग्रंथालयं बाहेरच्या वाचकाकडून दिवसाचं शुल्क घेतात, काही घेत नाहीत. तेही ई-मेलमध्येच विचारून घ्या.

५. आंतर-ग्रंथालयीन देवघेव (खर्च: ८०० रुपयांपर्यंत)

हा या लेखाचा गाभा. यात पुस्तक तुमच्या नावावर येत नाही, तुमच्या ग्रंथालयाच्या नावावर येतं. देणारं ग्रंथालय तुम्हाला ओळखत नाही, ते तुमच्या ग्रंथपालाला ओळखतं. त्यामुळे ‘मीच फोन करून मागवतो’ हा मार्ग इथे चालत नाही.

खर्चाची विभागणी अशी होते. एकाच गटातल्या संस्था एकमेकांकडून शुल्क घेत नाहीत किंवा नाममात्र घेतात. खर्च असतो तो पाठवणीचा. मागणाऱ्याने किमान परतीचा खर्च करायचा, पुष्कळदा दोन्ही बाजूंचा. पुणे ते बंगळुरू दीड किलोच्या पार्सलला कुरिअरचे साधारण दोनशे ते चारशे रुपये एका बाजूचे धरा. डेलनेटचं सभासदत्व संस्थेचं असतं. गेली काही वर्षं महाविद्यालयं वर्षाला ११,५०० रुपये अधिक १८ टक्के जीएसटी, म्हणजे १३,५७० रुपये भरत आली आहेत. हा आकडा पुन्हा वाचा. वर आपण ज्या एका परदेशी ग्रंथाची किंमत काढली, तेवढ्याच पैशांत सगळ्या महाविद्यालयाचं वर्षभराचं सभासदत्व होतं.

वेळेचं गणित: शहरातल्या शहरात दोन-चार दिवस, पुणे-मुंबईहून आठवडा ते दहा दिवस. ग्रंथ हातात राहण्याची मुदत देणारं ग्रंथालय ठरवतं, साधारण पंधरा दिवस ते महिना. परदेशातल्या ग्रंथालयाकडून छापील ग्रंथ मागवणं तत्त्वतः शक्य आहे, पण दोन्ही बाजूंची हवाई पाठवणी, विमा आणि सीमाशुल्काची कागदपत्रं मिळून खर्च काही हजारांत जातो, आणि सगळी परदेशी ग्रंथालयं भारतात पुस्तक पाठवायला तयार नसतात. तिथून पुस्तक मागू नका, प्रकरण मागा. एका प्रकरणाची स्कॅन प्रत ई-मेलने येते, वेळ वाचतो, पाठवणीचा प्रश्नच राहत नाही.

६. विकत घेणं (खर्च: हजारांत)

इथवर येऊनही हाती काही लागलं नाही, तर विकत घ्या, पण स्वतःसाठी नको, ग्रंथालयासाठी. बहुतेक ग्रंथालयं वर्षातून ठरावीक वेळी खरेदीची शिफारसपत्रं मागवतात. मार्गदर्शकाच्या सहीने ते पत्र द्या. परदेशी पुस्तकांचं देयक विक्रेता ‘जीओसी’ दराने, म्हणजे पुस्तक व्यवसायात ठरलेल्या विनिमय दराने करतो. त्यावर ग्रंथालयाला सवलतही मिळते. वैयक्तिक खरेदीदाराला ही सवलत सहसा मिळत नाही. शिफारस देण्याआधी दक्षिण आशियाई आवृत्ती निघाली आहे का ते बघा. केंब्रिज, ऑक्सफर्ड, रटलेज यांच्या अनेक ग्रंथांची भारतात विक्रीसाठी वेगळी, स्वस्त आवृत्ती असते. मजकूर तोच, कागद आणि बांधणी साधी, किंमत मूळच्या काही अंशाने.

मागणीपत्र असं भरा

देवघेवीच्या पुष्कळ मागण्या अर्धवट तपशिलामुळे अडकतात. ग्रंथपालाला पुढील माहिती एका कागदावर द्या:

लेखक किंवा संपादक, आडनाव आधी. ग्रंथाचं पूर्ण नाव, उपशीर्षकासह. आवृत्ती आणि वर्ष. प्रकाशक. ग्रंथमाला असेल तर तिचं नाव आणि खंड क्रमांक. आयएसबीएन. कोणत्या तालिकेत, कोणत्या ग्रंथालयाच्या नावावर नोंद सापडली आणि तिथला बोधांक काय. संपूर्ण ग्रंथ हवा की ठरावीक प्रकरण, प्रकरण असेल तर पृष्ठांक. कोणत्या तारखेपर्यंत हवं.

आयएसबीएनची एक गंमत आहे. एकाच ग्रंथाच्या पुठ्ठा बांधणीला एक क्रमांक, कागदी बांधणीला दुसरा, ई-पुस्तकाला तिसरा असतो. तुम्ही ई-पुस्तकाचा क्रमांक दिलात आणि समोरच्या ग्रंथालयात छापील प्रत असली, तर संगणकाला ती सापडत नाही. जितके क्रमांक मिळतील तितके सगळे लिहा.

‘संपूर्ण ग्रंथ’ लिहिण्याआधी स्वतःला विचारा: खरंच पूर्ण वाचायचा आहे का? अनुक्रमणिका आणि सूची प्रकाशकाच्या संकेतस्थळावर बहुतेक वेळा मोफत दिसतात. त्या आधी बघितल्या तर चारशे पानांऐवजी तीस पानांवर काम भागतं.

टपाल: इथे पैसे वाचतात

ग्रंथालयांची जुनी सोय म्हणजे बुक पोस्ट. ती डिसेंबर २०२४ मध्ये बंद झाली आणि ग्रंथव्यवहारात बराच गदारोळ झाला. त्यानंतर टपाल खात्याने १ मे २०२५ पासून ‘ज्ञान पोस्ट’ सुरू केलं. ३०० ग्रॅमपर्यंत २० रुपये, पाच किलोपर्यंत १०० रुपये, वर कर. पार्सलचा मागोवा घेता येतो. अटी अशा की पाकिटात फक्त छापील पुस्तक हवं, त्यावर मुद्रकाचं किंवा प्रकाशकाचं नाव हवं, नियतकालिक किंवा जाहिरातीचा मजकूर चालत नाही. जातं जमिनीवरून, म्हणजे वेळ जास्त धरा. जाऊन-येऊन अडीचशे रुपयांच्या आत खर्च बसतो.

महागडा किंवा दुर्मिळ ग्रंथ असेल तर देणारं ग्रंथालय स्पीड पोस्ट किंवा विमा उतरवलेल्या कुरिअरचा आग्रह धरतं, आणि तो रास्त आहे. जुनं नोंदणीकृत टपाल १ सप्टेंबर २०२५ पासून स्पीड पोस्टात विलीन झालं आहे, तेव्हा ‘रजिस्टर करा’ असं सांगितलं तर काउंटरवर स्पीड पोस्टच होईल.

परत पाठवताना बांधणी जपा. पुस्तक आधी प्लास्टिकमध्ये, मग दोन्ही बाजूंना ग्रंथापेक्षा बोटभर मोठे पुठ्ठे, मग जाड कागद. कोपरे दुमडलेला किंवा पावसात भिजलेला ग्रंथ परत गेला, तर बदली किंमत भरावी लागते. काही ठिकाणी ती चालू किमतीच्या दुप्पट असते. म्हणजे सहाशे रुपयांचा व्यवहार सत्तावीस हजारांवर जाऊ शकतो. पोचपावतीचा फोटो काढून ग्रंथपालाला पाठवून ठेवा.

झेरॉक्स किती काढता येते?

स्वामित्वहक्क कायदा, १९५७ मधलं कलम ५२ संशोधनासाठी आणि खाजगी अभ्यासासाठी ‘उचित वापर’ मान्य करतं. एखादं प्रकरण काढून घेणं याच चौकटीत येतं. पूर्ण ग्रंथ झेरॉक्स करून बांधून घेणं हे त्यात बसतं असं समजू नका. याच कलमात ग्रंथालयांसाठी एक फारशी माहीत नसलेली तरतूद आहे: ग्रंथ भारतात विक्रीला उपलब्ध नसेल, तर अव्यावसायिक सार्वजनिक ग्रंथालयाचा प्रमुख आपल्या ग्रंथालयाच्या वापरासाठी त्याच्या तीनपर्यंत प्रती करू शकतो. दुर्मिळ, छपाईबाहेर गेलेल्या परदेशी ग्रंथांना ही तरतूद लागू पडते. पण हक्क ग्रंथालयाचा आहे, वाचकाचा नाही. झेरॉक्सच्या दुकानात हे कलम सांगून उपयोग नाही.

दिल्ली विद्यापीठातल्या झेरॉक्स दुकानाविरुद्ध तीन परदेशी प्रकाशकांनी २०१२ मध्ये दावा लावला होता. २०१६ मध्ये दिल्ली उच्च न्यायालयाने अध्यापनासाठीच्या संकलनांच्या बाजूने कौल दिला. तो निकाल वर्गात शिकवण्याच्या साहित्यापुरता आहे. त्याचा अर्थ ‘काहीही, कितीही’ असा काढू नये.

ई-पुस्तक घेतलं की देवघेव अडते

ग्रंथालयं हल्ली जागा आणि देखभाल वाचवण्यासाठी छापीलऐवजी ई-पुस्तक घेतात. वाचकाला सोय होते, पण एक गोष्ट हातची जाते. छापील प्रत ग्रंथालयाच्या मालकीची असते, ती कोणालाही उसनी देता येते. ई-पुस्तकाचा असतो परवाना, आणि बहुतेक परवान्यांत पूर्ण पुस्तक दुसऱ्या ग्रंथालयाला देण्यास मनाई असते. एखादं प्रकरण देण्याची मुभा काही परवान्यांत असते, काहींत नसते. पाच संस्थांनी एकच ई-पुस्तक पाच वेळा विकत घेतलं, तर पाचांचेही पैसे गेले आणि सहाव्याला उसनं मिळण्याची वाट बंद झाली.

म्हणून ग्रंथालय समितीवर असलेल्या प्राध्यापकांनी एक आग्रह धरावा: क्वचित लागणारे, महागडे ग्रंथ गटातल्या निदान एका संस्थेने छापील घ्यावेत, आणि कोणी काय घ्यायचं हे खरेदीआधी एकमेकांना कळवावं. ‘फोर्सा’मधल्या ग्रंथालयांना एकमेकांच्या संग्रहाची माहिती असते, त्यामुळे त्यांना हे जमतं. एका शहरातल्या चार महाविद्यालयांनाही ते जमू शकतं. त्यासाठी वेगळा निधी लागत नाही.

महाराष्ट्रातून मागवणाऱ्यांसाठी

हा रस्ता दोन्ही दिशांनी चालतो. कोल्हापूरच्या किंवा नांदेडच्या संशोधकाला कोरमंगलातलं पुस्तक हवं असेल, तर ते आपल्या विद्यापीठाच्या ग्रंथालयामार्फत मागता येतं. खगोलशास्त्रात काम करणाऱ्या महाविद्यालयीन प्राध्यापकांसाठी पुण्याची आयुका अधिक जवळची आहे. १९८८ मध्ये डॉ. जयंत नारळीकरांच्या नेतृत्वाखाली ती उभी राहिली तीच विद्यापीठांतल्या लोकांना सामायिक सोयी मिळाव्यात म्हणून. तिच्या अभ्यागत सहयोगी योजनेत प्रवास आणि राहण्याचा खर्च संस्था उचलते. निवड झाली की ग्रंथालयही खुलं होतं. अर्थशास्त्रवाल्यांनी पुण्यातल्याच गोखले संस्थेचं धनंजयराव गाडगीळ ग्रंथालय विसरू नये. भारत सेवक समाजाच्या १९०५ पासूनच्या संग्रहावर ते उभं आहे, आणि समाज व संस्था या दोघांनी मिळून चालवलेलं ग्रंथालय हे सहकाराचं आपल्याकडचं जुनं उदाहरण आहे.

एकदम पाच-सहा ग्रंथ हवे असतील आणि सगळे एकाच शहरात असतील, तर पार्सलपेक्षा जाऊन वाचणं परवडतं. पुण्या-मुंबईहून उद्यान एक्स्प्रेस थेट बंगळुरूला येते. परवानगीची ई-मेल हातात आल्याशिवाय मात्र तिकीट काढू नका.

एका नजरेत

मुक्त संग्रह, लेखकाला ई-मेल: ० रुपये, एक-दोन दिवस.
एन-लिस्ट लॉगिन: विद्यार्थ्याला ० रुपये, महाविद्यालयाला वर्षाला ५,९०० रुपये.
शहरातल्या ग्रंथालयात वाचन: १०० ते ३०० रुपये, परवानगीसाठी आठवडा धरा.
देशातल्या ग्रंथालयाकडून ग्रंथ, ज्ञान पोस्टाने: जाऊन-येऊन २५० रुपयांच्या आत, दोन-तीन आठवडे.
तोच ग्रंथ कुरिअरने: ४०० ते ८०० रुपये, आठवडा ते दहा दिवस.
डेलनेट सभासदत्व: संस्थेला वर्षाला १३,५७० रुपये.
१२० डॉलरचा ग्रंथ स्वतः विकत: १३,७०० रुपयांच्या आसपास.

शेवटचं सांगणं दोघांना आहे. विद्यार्थ्यांनो, मागवलेला ग्रंथ मुदतीच्या दोन दिवस आधी परत करा. उशीर तुमचा होतो, पण नाव ग्रंथालयाचं खराब होतं, आणि तुमच्या मागून येणाऱ्याची मागणी नाकारली जाते. आणि प्राचार्यांनो, विभागप्रमुखांनो, तुमचं महाविद्यालय एकाही ग्रंथालय-जाळ्याचं सभासद नसेल, तर पुढच्या अंदाजपत्रकात एका परदेशी ग्रंथाची किंमत बाजूला काढा आणि आधी सभासद व्हा.